मिटलेलं पाणी

आमचा बाप गेला तेव्हा आम्ही त्याचे डोळे मिटले, ओठ मिटले, आणि मग नालोमाचं पाणी मिटलं.

आमच्या बेटावर कोळ्यांच्या घराण्यातला म्होरक्या गेला की असंच करतात. ज्या पाण्यावर तो जगला त्या पाण्यालाही सुतक असतं. शंभराव्या रात्रीच्या जेवणासाठी ते उघडेपर्यंत तिथे गळ पडायचा नाही, जाळं पडायचं नाही, होडी लागायची नाही, वाळूवर पाऊल उमटायचं नाही. किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक खांब रोवायचा आणि त्यावर माडाच्या ओल्या झावळीची वेणी बांधायची. यंदाच्या वेण्या मी घातल्या होत्या. रडत रडत, पाती ओढून ओढून, अशा घट्ट की वादळालाही त्यांची गाठ सापडू नये.

नालोमा म्हणजे आमचा किनारा, रानाच्या ओटीत पडलेली चंद्रकोर. मागे डोंगर, आणि डोंगरावर एवढी दाट झाडी की भर दुपारी तिच्या पोटात सांज असते. उंडी आणि रानभेंडी पुढे वाकून वाळूवर सावली धरतात. त्यांच्या पायाशी मर्यादवेल जांभळी फुलं घेऊन पसरलेली. वेलीच्या अलीकडे रान, पलीकडे समुद्र. बाप म्हणायचा, "वेलीला विचारल्याशिवाय वाळूवर उतरू नका." आम्ही लहानपणी खरंच विचारायचो, मी आणि आपाकुकी. 'वेली वेली, येऊ का?' वाऱ्यानं पान हललं की धूम.

आपाकुकी माझा पाठचा भाऊ. त्याच्याशी मी शेवटचं बोलले ते न्हाती होण्याआधी.

भांडण वगैरे काही नाही. आमच्यात बहीणभाऊ मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत. जिथे माया फार, तिथे शब्द आवरायचा. ती बसली असेल त्या खोलीत तो येत नाही. तो येतोय असं दिसलं की ती वाट सोडते. आणि बसलेल्या बहिणीच्या डोक्यावरून भाऊ उभ्यानं कधी जात नाही, जीव गेला तरी. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. तिसरं कोणी नसलं तर कुत्रं आहे, पातेलं आहे, भिंत आहे. मी लग्न केलं नाही, बापाच्याच घरी राहिले. आपाकुकी समुद्रावरून आला की माझ्या चुलीच्या दाराला मासा टांगायचा आणि अंगणातून जाता जाता कोंबड्यांना सांगायचा, "आज पोपटमासा आहे गं बायांनो, काटे कमी आहेत." कोंबड्यांना काट्यांचं काय! ते मला असायचं. एवढ्याशा वाक्यावर माझा दिवस निघायचा.

म्हणून त्या सकाळचं जास्त लागलं.

मी कसाव्याच्या मळ्यावरून येत होते. डोंगराच्या खांद्यावर एके ठिकाणी रान जरा फाटतं आणि खाली नालोमा दिसतं. बाप गेल्यापासून मी रोज तिथे ओझं टेकवून उभी राहायचे आणि त्याला सांगायचे, बघ, तुझं पाणी झोपलंय, कोणी हात लावला नाही. त्या दिवशी झोपलेल्या पाण्यावर पांढरी बोट उभी होती.

ओझं तिथेच टाकलं आणि उतरले. वाट अशी नाहीच. मुळ्या धरत, घसरत, वेली फाडत खाली आले आणि मर्यादवेलीपाशी पाय आपोआप थांबले. पुढे बंदी होती. माझ्याच वेणीची बंदी, मला कशी चुकेल!

पण त्यांना चुकली होती. खाडीपलीकडच्या रिसॉर्टचे पाहुणे वाळूभर पसरले होते. रंगीत छत्र्या रोवल्या होत्या. कसल्याशा डबीतून गाणी वाजत होती, धपधप, जणू कोणी रानाच्या छातीवर बुक्क्या मारतंय. एक थोराड बाप्या पोटावर टोपी ठेवून घोरत होता. बरोबर त्या जागी, जिथे माझा बाप जाळं वाळवायचा. आणि एक बाई खांबावरची वेणी सोडवून डोक्यावर मुकुटासारखी घालून उभी होती आणि तिचा माणूस तिचे फोटो काढत होता.

त्या बाईला मी शिव्या देणार नाही. हसरी होती. वेणी तिनं जपून सोडवली होती, पातं तुटू दिलं नव्हतं. तिला वाटलं असेल, पाहुण्यांसाठी केलेली सजावट. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

सांगायचं काम ज्याचं, तो आपाकुकी रिसॉर्टच्या बोटवाल्याचा फुलाफुलांचा सदरा घालून तिच्याशेजारी उभा होता. आणि किती वर्षांनी मी त्याच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली!

"इथे कधीच कोणी येत नाही, मॅडम. या किनाऱ्याला माणसाची सवयच नाही. बघा, तुमचं सोडून एक पाऊल दिसतंय का? आज हा सगळा तुमचा."

शाळेतलं इंग्रजी मलाही येतं. मी वेलीत उभी राहून ते ऐकलं आणि माझ्या पायांपासून कानांपर्यंत आग उठली.

कोणी येत नाही? अरे, कोणी येत नाही कारण तुझा बाप मेलाय! पाऊल दिसत नाही कारण साऱ्या गावानं आपली पावलं उचलून धरली आहेत! समोर मासा उडतो तरी गावातली माणसं माना वळवून पलीकडच्या उथळ पाण्यात खेकडे शोधायला जातात, ते कशासाठी? मेलेल्याच्या घराचं दार ओढून घेतलं म्हणून घर बेवारशी होतं का? आमच्या दुःखाला यानं 'एकांत' असं नाव दिलं, आणि पानात वाढून परक्यांपुढे ठेवलं.

हाक मारावी असं वाटलं. पण भावाला हाक मारायची नाही. माशाचा काटा अडकावा तसा तो संताप घेऊन मी डोंगर चढले.

माझी भावजय लोसाना चुलीपाशी नारळ खवत बसली होती. नणंद-भावजयींना आमच्यात वाटेल ते बोलायची मुभा आहे. एकमेकींना टोचणं हा तर हक्कच. भावाशी जे बोलता येत नाही ते सगळं बिचारीच्या पदरात पडतं.

"आलीस?" तिनं वर न बघता म्हटलं. "पावलांच्या आवाजावरूनच कळलं. आज कोणाला खायचंय?"

"तुझा नवरा कुठाय?"

"माझा नवरा हवाय की तुझा भाऊ?"

"दोघांतला बिनडोक कोणता, तो."

"मग काही फरक नाही. पत्र्याच्या भिंतीमागे बसलाय, जेवतोय."

पत्र्यापलीकडे चमच्याचा आवाज चालू होता. तो थांबला. आमचा बोसो, म्हातारं कुत्रं, पत्र्याच्या भोकातून अर्धं इकडे अर्धं तिकडे पडलं होतं. मी चुलीवरच्या पातेल्याकडे तोंड केलं.

"ऐक रे पातेल्या. आज बापाच्या पाण्यात गाणी वाजत होती. बापाच्या वाळूवर माणसं लोळत होती. त्याच्या सुतकाची वेणी एका बाईनं डोक्यात घातली होती, आणि कोणी एक दीडशहाणा तिला म्हणत होता, हा सगळा किनारा तुमचा. कोणाच्या बापाचा किनारा, तो कोणाला देतोय?"

मग पत्र्यामागून आवाज आला, दबका. "बोसो, पातेल्याला सांग. बंदी माशांवर असते. वाळूवर कधीपासून आली? कोणी गळ टाकला नाही. एक शिंपलं उचललं नाही. मी लक्ष ठेवून होतो."

"पातेल्या, बोसोला विचार. निजलेल्याचं नाक दाबू नये एवढंच सांगितलं होतं, म्हणून हा छातीवर जाऊन बसला का?"

"अगं बाई," लोसाना म्हणाली, "माझं पातेलं आहे ते. उद्या त्यात शिजवायचंय मला. एवढं कडू नको ओतू."

"बोसो," पत्रा म्हणाला, "एपिनेरी काकांनी पाहुण्यांची यांगोना घेतलीय. जुडी पुढ्यात ठेवली, त्यांनी हात लावला, टाळ्या वाजल्या. रीत पुरी झाली. आणखी काय करायचं असतं?"

यांगोना म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायच्या मुळ्या; त्यांची जुडी घेऊन पाहुण्यानं गावाच्या दारात यावं, गावानं ती घेऊन ओंजळीच्या टाळ्या वाजवाव्यात. एकदा टाळ्या वाजल्या की पाहुणा गावचा झाला. ती रीत आम्हाला प्राणासारखी. आणि तीच यानं किल्लीसारखी वापरली.

"जुडी नेऊन कोणी दिली?" मी पातेल्याला विचारलं.

खवणी थांबली. लोसानानं पहिल्यांदा मान वर केली. "मी बांधून दिली, आकेनेता. मला म्हणाला, पाहुण्यांना गाव बघायचंय. नालोमाचं नाव नाही काढलं. आईशप्पथ नाही काढलं." मग पत्र्याकडे वळून ती खणखणीत म्हणाली, "तू माझा नवरा, मला थेट बोलता येतं, म्हणून थेट विचारते. का नाही काढलं रे?"

"मालक म्हणाले, जिथे कोणीच नसतं असा किनारा दाखव. दुसरा कुठला दाखवू?" आणि वर, "येत्या शनिवारी पुन्हा न्यायचंय त्यांना. मी हो म्हणून बसलोय."

शनिवारी पुन्हा.

बंदी मोडलेलं पाणी उघडायच्या दिवशी काही देत नाही. जाळं रिकामं येतं. आणि शंभराव्या रात्रीचं पान त्या पाण्यातल्या माशाशिवाय वाढलं, तर मेलेला त्याला तोंड लावत नाही. पुढे जात नाही. वाटेतच बसून राहतो. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची पानं भरली, तो माझा बाप कुठल्याशा वाटेच्या कडेला उपाशी बसून राहणार, आणि ते त्याचा मुलगा करणार, ज्याला आता गाव घराण्याचा म्होरक्या म्हणतं!

मी एपिनेरी काकांकडे गेले. ते गावचे बोलके. गावाच्या वतीनं घ्यायचं-द्यायचं तेच करतात. ओसरीत केवड्याच्या चटईवर बसून कानात कोंबडीचं पीस फिरवत होते, डोळे मिटून, स्वर्गात असल्यासारखे.

"काका, नालोमा तुम्ही दिलंत?"

"मी?" पीस थांबलं. "मी यांगोना घेतली. म्हणाला, पाहुण्यांना समुद्र बघायचाय. कुठला समुद्र, ते मी विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"जुडी पुढ्यात असताना प्रश्न विचारणं बरं दिसत नाही, पोरी."

"मग परत करा ती जुडी."

"टाळ्या वाजल्यात." ते जरा ओशाळले. "आणि पिऊनही झाली."

"बापाला ज्या चटईत गुंडाळलं, तिच्यापुढेही तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या, काका. पाणी मिटलं म्हणून. त्या टाळ्या हलक्या होत्या का? त्यांना मुळ्यांचा वास नव्हता म्हणून?"

ते लागलं त्यांना. माणूस वाईट नाही; पण ओशाळलेला पुरुष लगेच रीत आठवतो. "हे बघ आकेनेता. पाणी तुमच्या घराण्याचं. घराण्याचा म्होरक्या आता तुझा भाऊ. त्यानं आणलं, मी घेतलं. बाईमाणसानं भावाच्या वाटेत येऊ नये. एवढं तुला तुझ्या आईनं शिकवलं असेल."

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या टाचेत काट्यासारखं रुतत होतं. भावाच्या वाटेत येऊ नये. भावाच्या वाटेत येऊ नये. चूल पेटवली, दालोचे कंद सोलायला घेतले, तरी तेच. आणि मग हातातली सुरी थांबली.

का बरं येऊ नये? आलं तर काय होतं?

आलं तर भावाला थांबावं लागतं.

नालोमाच्या पुढ्यात प्रवाळाची भिंत आहे आणि तिला एकच तोंड. मोठी बोट आत न्यायची तर तिथूनच. तोंडाच्या कडेला एक खडक आहे, त्याला आम्ही कासवाची पाठ म्हणतो. खडक खांबाच्या बाहेर, म्हणजे बंदीच्याही बाहेर. बोट इतकी जवळून जाते की खडकावरचं माणूस हात लांबवून तिची कड धरू शकेल. आणि खालची प्रवाळं दिसायची तर सुकाणूवरच्यानं उभंच राहावं लागतं.

शनिवारी ओहोटी अर्ध्यावर असताना मी खडकावर जाऊन बसले. सुतकाचा काळा झगा, कमरेला चटई, केस मोकळे. घोट्यांना पाणी लागत होतं. रान मागे गच्च उभं होतं, एक पान हलत नव्हतं. एवढ्यात पाण्यातून डबक-डबक करत कोणी येताना दिसलं. लोसाना. एका हातात उघडलेली छत्री, दुसऱ्या हातात केळीच्या पानात तळलेला नीरफणस.

"तू कशाला आलीस?"

"सावली धरायला." ती माझ्यामागे उभी राहिली. "हे बघ, मी नवऱ्याच्या विरुद्ध नाही हं. माझं भांडण उन्हाशी आहे."

"आणि हा फणस?"

"नणंदबाई उपाशीपोटी रडल्या तर सूर चिरका लागतो. खाऊन घे."

मी खाल्ला. संताप असला तरी भूक लागतेच.

बोट आली. पांढरी, भरलेली, गाणी वाजवत. आपाकुकी सुकाणूवर ताठ उभा होता, सदऱ्यातली फुलं वाऱ्यात फडफडत होती. तोंडाजवळ आला आणि त्याला मी दिसले. काळी, बसलेली, डोकं खाली. त्याचे गुडघे कसे मोडले ते मी तिरक्या डोळ्यांनी बघितलं. कोणी दोरी कापल्यासारखा तो खाली बसला. बसल्यावर त्याला प्रवाळ दिसेना. इंजिन हळू झालं, मग नुसतं गुरगुरत राहिलं, आणि बोट तोंडाबाहेर डुलू लागली. पुढे येता येईना. बहिणीच्या डोक्यावरून उभ्यानं कसा येणार?

त्याच्याकडे न बघता, बापाकडे बघून मी विलाप धरला.

मिटलं रे पाणी, बापा, मिटली रे वाळू,
वेलीच्या दारी उभी मी, हाक कशी घालू?
मिटल्या घराची कडी कोणी वाजविली,
तुझ्या उशाशी परक्यांनी पथारी मांडली?

उघड्या गं दाराला, बाई, पाहुणा शोभतो,
मिटल्या दाराशी आला, तो कोणाचा लागतो?
ज्यानं राखावं अंगण, त्यानंच दिलं आंदण,
बापा, तुझ्या वाटेवरी कोण देईल जेवण?

आवाज पाण्यावरून गेला, भिंतीवर आपटला, रानात शिरला, रानानं परत दिला. आईच्या आईपासून आलेला सूर तो. शब्द ज्याचे त्यानं घालायचे. मी थांबले.

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच वाजवल्या. बोटीतून, उभं राहून, हसत. कोणी शीळ घातली. फोन वर झाले. माझा बाप गेल्याचं रडं आणि त्यावर टाळ्या! ओंजळीच्या, देण्याघेण्याच्या नव्हेत. तमाशा आवडला म्हणून वाजवतात तशा. खडकावरचं शेवाळ मी नखांनी खरवडून काढलं असेल.

त्यांत ती बाई होती. वेणी तिनं टोपीला बांधली होती. वाळून तपकिरी झालेली, पण माझी गाठ मी कुठेही ओळखीन. ती आपाकुकीकडे वाकून म्हणाली, "किती सुंदर! हे स्वागताचं गाणं आहे का?"

तो इंजिनाकडे वाकला.

"सांग की!" मागून लोसाना कडाडली. "तुला विचारतेय ती. सांग, हो मॅडम, स्वागताचंच आहे. खोटं सांगायची सवय झालीय ना? मग आणखी एक सांग! बायकोसमोर सांग, बहिणीसमोर सांग, हा सगळा समुद्र ऐकतोय, सांग!"

आपाकुकीनं मान आणखी खाली घातली. मग इंग्रजीत, अगदी हळू, पण मला ऐकू येईल एवढ्यानं तो बाईला म्हणाला, "रडते आहे ती. आमचे वडील गेलेत. तुमच्या टोपीवर आहे ती त्यांच्या सुतकाची वेणी."

टाळ्या विझल्या. बाईचा हात टोपीकडे गेला. तिनं वेणी सोडवली आणि मग ती कुठे ठेवावी ते तिला कळेना. तापलेलं भांडं धरावं तशी दोन्ही हातांत धरून राहिली. तिच्यामागचा थोराड बाप्या मात्र म्हणाला, "पण आम्हाला तर हाच किनारा सांगितला होता. इथे कोणी नसतं असं सांगितलं होतं." त्याला कोणी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं. मी बसले आहे ना इथे! मी कोणी नाही का?

लोसाना पाण्यात उतरली. कमरेपर्यंत पाणी, छत्री तशीच उघडी. बोटीपाशी जाऊन तिनं हात पुढे केला. बाईनं वेणी दिली आणि काही तरी पुटपुटली. माफी असावी. लोसानानं मान डोलावली. पाहुण्याला रिकाम्या शब्दानं परतवायचं नाही, एवढं तिलाही कळतं.

आपाकुकी अजून बसलेलाच होता. तो इंजिनाशी बोलला.

"इंजिना, खरं सांगू? बापाविना ती वाळू मला बघवत नव्हती. वाटलं, कोणी का असेनात, चार माणसांचे आवाज असले तर जरा बरं वाटेल."

ते माझ्यासाठी होतं, कोंबड्यांच्या माशासारखं. मी विरघळेन असं त्याला वाटलं असेल. पण माझा राग तसूभर हलला नाही. तुला बघवत नव्हतं, आणि मला बघवत होतं? मी रोज डोंगरावर उभी राहून काय करत होते? दुःख झेपत नाही म्हणून ते भाड्यानं द्यायचं?

हे मी कोणालाच सांगितलं नाही. जवळ पातेलं नव्हतं.

"चल, मागे फिर रे बाबा," तो इंजिनाला म्हणाला. "या घरात माणसं आहेत."

बोट वळली. बसल्या बसल्या त्यानं ती वळवली, आणि खडकापासून बरीच लांब जाईपर्यंत तो उठून उभा राहिला नाही. ते मी बघितलं. तेवढं मात्र बघितलं.

वाळकी वेणी मी खांबाला पुन्हा बांधली, भरतीच्या आधी, खांबाच्या बाहेरच्या अंगानं हात घालून. ओली नवीन घालता आली असती. पण हिनं अपमान सोसला होता, मान तिलाच मिळायला हवा होता.

रिसॉर्टनं बोट दुसऱ्या कोणाला दिली. आता ते पाहुण्यांना आणखी पलीकडच्या बेटावर नेतात, तिथेही म्हणे कोणी नसतं. तिथे कोणाचा बाप निजलाय कोण जाणे.

आणि शंभराव्या दिवशी नालोमा उघडलं. सारं गाव वेलीपाशी उभं राहिलं. एपिनेरी काकांनी टाळ्या वाजवल्या, या वेळी आधी तीनदा विचारून, की हे नालोमाच ना? लोक हसले. वारा सुटला, वेलीचं पान हललं आणि आम्ही उतरलो. बायकांनी पाणी बडवलं, पुरुषांनी जाळं ओढलं. आपाकुकी सर्वांत पुढे, गळ्यापर्यंत पाण्यात. जाळं जड येईपर्यंत माझा श्वास माझ्याजवळ नव्हता. बाप सांगायचा तेवढे मासे आले नाहीत. पण आले. बापाचं पान भरलं, गावाची पानं भरली. मी काळा झगा उतरवला, केस बांधले, आणि बाप पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी लोसाना आली ती तोंड दाबून. हसू की रडू असं झालेलं.

"नणंदबाई, तुम्हाला नोकरी आलीय. रिसॉर्टवाले विचारताहेत, ती खडकावर गाणारी बाई दर शनिवारी बसेल का? काळ्या झग्यात. पाहुण्यांना फार आवडलं म्हणे."

मी म्हटलं, "सांग त्यांना, गाईन. त्यांच्यापैकी कोणाचा बाप गेला की बोलवा. फुकट गाईन, आणि खरं रडेन."

"शब्दशः सांगू?"

"शब्दशः."

तेवढ्यात दारात सावली हलली. दाराला काही टांगल्याचा आवाज आला आणि पावलं अंगणातून लांब गेली.

"कोंबड्यांनो," आवाज आला, जरा चिरका, "हेकरू आहे. नालोमाचा."

केवढा मासा तो! डोकंच ताटाएवढं. नारळाच्या दुधात शिजवला. डोकं घराण्याच्या म्होरक्याला जातं, तो मान. इतकी वर्षं मी ते बापापुढे ठेवत आले होते. त्या दिवशी केळीच्या पानात नीट गुंडाळून लोसानाच्या हातात दिलं.

तिचे डोळे भरले. "राग गेला?"

"नाही."

"मग?"

"पत्र्यामागे जो बसला असेल त्याला दे, आणि सांग, डोकं पाठवलंय. आता तरी वापर म्हणावं."